परिपत्रक एकेचाळीस, कलम चार

साडेअकराच्या सुमारास परंतुकराव संगणकासमोर बसले तेव्हा त्यांचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये गळ्यात लटकत होता, चष्मा दुरुस्तीला गेला होता आणि दुपारी चार वाजता त्यांच्या खुर्चीचा निकाल लागायचा होता. हात आणि चष्मा एकाच अपघातात गेले होते. एक संदर्भ पडताळून पाहण्यासाठी ते स्टुलावर चढले. संदर्भ अचूक निघाला, स्टूल तेवढे अचूक नव्हते. खुर्चीचे प्रकरण मात्र जुने होते आणि त्याला प्लॅस्टर घालता येण्याजोगे नव्हते.

शहरातल्या एकोणीस सार्वजनिक ग्रंथालयांचा कारभार ज्या मुख्य कचेरीतून चाले, तिथे 'मसुदा कक्ष' नावाची एक खोली होती आणि त्या खोलीत दोन माणसे बसत: परंतुकराव आणि त्यांची टंकलेखिका. शाखांना जाणारे प्रत्येक परिपत्रक गेली बावीस वर्षे परंतुकराव तोंडाने सांगत आणि टंकलेखिकाबाई उतरवून घेत. परंतुकरावांचे खरे नाव आता केवळ हजेरीपटावर शिल्लक होते. कोणतेही विधान त्यांच्या तोंडून एकटेदुकटे बाहेर पडत नसे. त्याच्या पाठोपाठ 'परंतु असे की' हे शब्द आणि त्यांच्याही पाठोपाठ एक अपवाद हमखास येई. म्हणून कचेरीने त्यांना हे नाव बहाल केले, आणि त्यांनीही ते, किरकोळ आक्षेप नोंदवून, स्वीकारले.

अलीकडे कचेरीने एक बोलके यंत्र घेतले होते. संगणकापुढे बसून 'लिहून घे' म्हटले की ते लिहून घेई. 'सजव' म्हटले की ओबडधोबड बोलण्याला कचेरीच्या भाषेचा पोशाख चढवी. 'वाचून दाखव' म्हटले की वाचून दाखवी. आणि 'पाठव' म्हटले की एका क्षणात एकोणीस शाखांना मजकूर रवाना करी. असे यंत्र हाताशी असताना मसुदा कक्ष हवाच कशाला, असा प्रश्न समितीतल्या काही सभासदांना पडला होता. संचालिकाबाईंनी परंतुकरावांना फोन करून स्पष्टच सांगितले होते, "उद्या घरून, आवाजावर, एक परिपत्रक काढून दाखवा. बिनचूक गेलं तर चारच्या सभेत मी ठासून सांगेन की यंत्राला माणूस लागतोच. चुकलं तर माझ्या हातात काही नाही. तुम्ही तळघरातल्या साठा विभागात आणि तुमच्या बाई एकोणिसाव्या शाखेत."

साठा विभागात खिडकी नव्हती. तिथे मसुदाही नव्हता. निवृत्तीला उरलेली दोन वर्षे फुटक्या फळ्यांची मोजदाद करण्यात जाणार, या विचाराने परंतुकरावांना रात्रभर झोप लागली नव्हती.

"लिहून घे," ते खाकरून म्हणाले.

"सांगा," यंत्र म्हणाले.

विषय साधा होता: सोमवारपासून वाचनकक्ष सकाळी आठऐवजी नऊ वाजता उघडायचे. परंतुकरावांनी डोळे मिटले, आणि कलम एक, कलम दोन, कलम तीन अशा पायऱ्या बांधीत त्यांचे वाक्य संथपणे चढू लागले. वेळेचे फलक बदलावेत. जुने फलक मोडून टाकू नयेत. परंतु असे की, जे फलक भिंतीवर रंगवलेले आहेत ते काढण्याचा प्रयत्न करू नये. तिसऱ्या कलमाचा शेवट त्यांच्या जिभेवर आला असतानाच खोलीचे दार धाडकन उघडले आणि गळ्यात मोजपट्टी अडकवलेली त्यांची पत्नी आत आली. ती घरीच कपडे शिवत असे, आणि जे कापड कापायचे ते एकदाच कापावे असा तिचा बाणा होता.

परंतुकरावांनी डोळे न उघडता डाव्या हाताची तर्जनी वर केली.

ह्या तर्जनीला बावीस वर्षांचा इतिहास होता. मसुदा कक्षात ती वर गेली की टंकलेखिकाबाईंची बोटे कळफलकावरून उचलली जात. ती खाली येईपर्यंत जे काही बोलले जाई ते मसुद्याचा भाग नसे. ह्या तर्जनीच्या छत्राखाली परंतुकरावांनी तीन संचालकांचे वाभाडे काढले होते, आणि त्यातले एक अक्षरही कधी कागदावर उतरले नव्हते. पण यंत्राला कान होते, डोळे नव्हते.

"अहो, मागच्या खोलीतली ती सगळी जुनी पुस्तकं नि कागद आज संध्याकाळच्या आत बाहेर काढायचे," पत्नी म्हणाली. "माझं शिलाई मशीन कुठे ठेवू, तुमच्या डोक्यावर? आणि एकेक चाळत बसू नका. निवडतो, निवडतो म्हणत सोळा वर्षं काढलीत, आता तुमचं एक ऐकायची नाही. तीन वाजता कागदवाल्याची गाडी येतेय, तिच्यात द्यायचे. कळलं?"

मसुदा अर्धवट असताना बोलायचे नाही, हा परंतुकरावांचा नेम होता. ते बोट वर धरून नुसती मान हलवीत राहिले.

"आणि जावईबापू," पत्नीच्या मागून सासूबाईंनी डोके घातले, "त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर कोणाला बसू देऊ नका. पाय निखळलाय तिचा. एक पडला तेवढा घराला पुरे."

दार बंद झाले. तर्जनी खाली आली. परंतुकरावांनी तिसऱ्या कलमाचा शेवट शांतपणे बांधून काढला, आणि म्हणाले, "सजव."

"सजवले."

"वाचून दाखव."

यंत्राने पहिले कलम वाचले. परंतुकरावांनी ते मिटल्या डोळ्यांनी चाखले. दुसरे वाचले. यंत्राच्या कारागिरीबद्दल त्यांना प्रथमच काहीसा आदर वाटला. तिसरे कलम संपता संपता टेबलावरचा फोन वाजला आणि वाचन थांबले.

"अहो, बाराला चार मिनिटं आहेत," संचालिकाबाईंचा आवाज आला. "शाखा परिपत्रकं बाराला उघडतात. ते चुकलं तर थेट तीन. नियम तुमचाच आहे. झालं का?"

"झालंय, मॅडम. तिन्ही कलमं तपासली."

"मग धाडा की!"

परंतुकरावांनी तीन कलमे सांगितली होती आणि तीन ऐकली होती. चौथ्याची चौकशी करण्याचे त्यांना कारण नव्हते. "पाठव," ते म्हणाले.

"पाठवले," यंत्र म्हणाले.

बारा वाजून वीस मिनिटांनी पुन्हा फोन वाजला. ह्या वेळी टंकलेखिकाबाई होत्या आणि त्यांचा आवाज खाली आला होता.

"सर, एकेचाळीस नंबर वाचलं. चौथं कलम तुमचं वाटत नाही."

"चौथं कलम?"

"'मागील खोलीत साठलेली सर्व जुनी पुस्तके व कागदपत्रे आज सायंकाळपूर्वी बाहेर काढण्यात यावीत. ती एकेक चाळण्यात कालापव्यय करू नये. निवड करण्याचा आग्रह कोणी धरल्यास तो विचारात घेऊ नये. सदर आग्रह गेली सोळा वर्षे विचारात घेण्यात आलेला आहे.'"

परंतुकरावांच्या प्लॅस्टरमधल्या हाताला दरदरून घाम फुटला.

"पाचवं वाचू? 'बाहेर काढलेली पुस्तके व कागदपत्रे दुपारी तीन वाजता येणाऱ्या गाडीच्या स्वाधीन करावीत.' मला तेव्हाच शंका आली, सर. निवड न करता काही करा, असं तुम्ही जन्मात सांगणार नाही. परवा दोन पेन्सिलींतून एक घ्यायला तुम्ही पाऊण तास घेतलात."

"सहावंही आहे?"

"आहे. खुर्चीवर बसू नये म्हणून. ते त्यातल्या त्यात बरं आहे."

एकोणीस शाखा होत्या. प्रत्येक शाखेला एक मागील खोली होती. तिथे पन्नास-पन्नास, साठ-साठ वर्षांपूर्वीची बांधीव मासिके, बंद पडलेल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि ज्यांची दुसरी प्रत कुठेच उरली नव्हती अशी पुस्तके होती. आणि दर गुरुवारी तीन वाजता प्रत्येक शाखेच्या दारात कचेरीची रद्दी कागदाची गाडी येऊन उभी राही. परंतुकरावांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले. चष्म्यावाचून ती धूसर दिसत होती. पण वार विचारण्याचे त्यांना धैर्य झाले नाही.

"गुरुवारच आहे, सर," बाई म्हणाल्या. "मी करू का एकेका शाखेला फोन?"

"करू नका. परिपत्रक सात, कलम दोन!"

"खड्ड्यात गेलं कलम दोन!"

बावीस वर्षांत त्या असे प्रथमच बोलल्या होत्या. परंतुकरावांनी मुकाट्याने फोन ठेवला आणि स्वतःच पाचव्या शाखेला लावला.

येथे परिपत्रक साताविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण पुढचा सर्व अनर्थ त्याच्याच पोटातून निघाला. ते परंतुकरावांच्या आयुष्यातले सर्वोत्तम लेखन होते. पूर्वी शाखाप्रमुख दिवसभर फोन करून 'ह्याचा अर्थ काय, त्याचा अर्थ काय' असे विचारीत आणि मनाला येईल ते करीत. परंतुकरावांनी वर्षभर वाद घालून ती अनागोंदी मोडून काढली. कलम एक: परिपत्रके बारा आणि तीन ह्या दोनच वेळी उघडावीत. कलम दोन: परिपत्रकाविषयी दूरध्वनीवर बोलू नये, लिहिले आहे ते करावे, लिहिलेले नाही ते करू नये. कलम तीन: परिपत्रक मागे घ्यायचे असल्यास ते दुसऱ्या परिपत्रकानेच घेतले जाईल.

"हॅलो, पाचवी शाखा? मी मसुदा कक्षातून बोलतोय. ते एकेचाळीस नंबरचं—"

"परिपत्रक सात, कलम दोन," शाखाप्रमुख तत्परतेने म्हणाले.

"अहो, ते मीच लिहिलंय!"

"म्हणून तर पाळतोय, साहेब."

पाठीमागून आरडाओरडा ऐकू येत होता. "उचला! उचला! दाराकडून घ्या! अरे, भिंतीला घासतंय!"

"काय उचलताय तुम्ही?" परंतुकरावांचा आवाज चिरकला.

"जे लिहिलंय तेच," असे म्हणून पाचव्या शाखेने फोन ठेवला.

अकराव्या शाखेने नुसताच ठेवला. चौदाव्या शाखेचे प्रमुख मात्र जुने आणि गमतीदार गृहस्थ होते. ते ऐकून घेऊन हसले आणि म्हणाले, "आवाज अगदी हुबेहूब काढलात हो! पण तुम्हाला ठाऊक नाही. परंतुकराव मेले तरी परिपत्रकाबद्दल फोन करायचे नाहीत."

तेव्हा परंतुकरावांनी नियमाचाच मार्ग धरला. पाऊण वाजता त्यांनी परिपत्रक बेचाळीस सांगितले: एकेचाळीसमधली चार, पाच आणि सहा ही कलमे रद्द. ह्या वेळी दाराला आतून कडी होती, आणि मजकूर त्यांनी दोनदा शेवटपर्यंत वाचून घेतला. तो निर्दोष होता.

"पाठवले," यंत्र म्हणाले. "शाखांत तीन वाजता उघडेल."

तीन वाजता परिपत्रक उघडणार, आणि तीन वाजताच गाडी दारात उभी राहणार. परंतुकरावांनी कडी काढली आणि ते पाणी प्यायला बाहेर आले. त्यांचा चेहरा पाहून पत्नीने कात्री खाली ठेवली.

"काय झालं हो? दुखतंय का हात?"

परंतुकरावांनी सांगितले. त्यांच्या मानाने ते पुष्कळच थोडक्यात सांगितले. तरी दीड वाजला.

"म्हणजे मी बोलले ते एकोणीस ठिकाणी गेलं?" पत्नीने डोळे मोठे केले. "आणि तिथली माणसं लगेच कामाला लागली? सोळा वर्षं मी ह्या घरात तेच सांगतेय, तर एक कागद हलला नाही!"

"अगं, ही थट्टेची वेळ आहे का?"

"थट्टा कोण करतंय? मला हेवा वाटतोय."

"काहीतरी वाट असेलच ना," सासूबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. "तुमच्या कागदांना नेहमी मागचं दार असतं."

मागचे दार होते. परिपत्रक साताचे कलम नऊ. परंतु असे की, अतितातडीच्या प्रसंगी तांबडे परिपत्रक काढता येईल. ते पडद्यावर घंटा वाजवून तत्क्षणी उघडेल. मात्र त्यास संचालकांची लेखी पूर्वपरवानगी आवश्यक राहील. म्हणजे ज्या बाई चार वाजता परंतुकरावांच्या अचूकपणाची ग्वाही देणार होत्या, त्यांनाच पावणेदोन वाजता आपल्या चुकीचा दाखला पाठवायचा. पुस्तके वाचवावीत तर खुर्ची जाते, आणि खुर्ची वाचवावी तर पुस्तके जातात.

परंतुकरावांनी फार वेळ घेतला नाही. पुस्तके वाचवायची ठरवून ते संगणकाकडे वळले. मायलेकी त्यांच्या मागोमाग आत आल्या. त्यांना बाहेर काढण्याचे त्राण त्यांच्यात उरले नव्हते.

"लिहून घे. महोदया, परिपत्रकांच्या प्रसारणाच्या दीर्घ आणि बहुपदरी प्रक्रियेत क्वचित्प्रसंगी अशी परिस्थिती उद्भवते, की जिच्या स्वरूपाविषयी पूर्ण निष्कर्ष काढणे जरी तूर्त घाईचे ठरणारे असले, तरी जिच्या संभाव्य परिणामांविषयी—"

"एक पन्नास झाले," पत्नी म्हणाली.

"—संभाव्य परिणामांविषयी उदासीन राहणेही, परंपरेने प्रस्थापित झालेल्या दक्षतेच्या कल्पनेशी—"

"अहो, चूक झाली हे कुठे येणार?"

"येईल! तिसऱ्या परिच्छेदात. आधी भूमिका मांडावी लागते."

"भूमिका मांडून होईतो गाडी तिकडे पुस्तकं भरून गेलेली असेल!"

"मग काय, सरळ लिहू 'माझी चूक झाली' म्हणून? बावीस वर्षांच्या चाकरीनंतर? ह्याला काही पद्धत आहे की नाही?"

सासूबाईंनी शेंगांची परडी खाली ठेवली. तारघराच्या खिडकीमागे त्यांनी बत्तीस वर्षे काढली होती. माणसे चार-चार पाने भरून दुःख घेऊन येत आणि त्या पेन्सिलीच्या टोकाने ते सहा शब्दांवर आणून देत. रडणारा माणूससुद्धा खिडकीपाशी येईतो रडणे आवरून उभा राही, अशी त्यांची ख्याती होती.

"जावईबापू, बाजूला व्हा," त्या म्हणाल्या.

"आई, हे कचेरीचं काम आहे."

"तारही कचेरीचंच काम होतं. हो गं तू पुढे. ह्या डब्याला काय सांगायचं असतं?"

पत्नी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकली. "वरचं सगळं पूस," ती यंत्राला म्हणाली.

"पुसले," यंत्र म्हणाले. हुकूम कोणाचा, हे विचारायचे त्याला कोणी शिकवले नव्हते.

"थांब! ती प्रस्तावना—"

"लिहून घे," पत्नी म्हणाली, आणि आईकडे पाहिले.

सासूबाईंनी डोळे बारीक केले. "माझी चूक झाली. एकेचाळीसचं चौथं कलम घातक आहे. तांबडं परिपत्रक काढायला परवानगी द्या."

"पाठव," पत्नी म्हणाली.

"निदान सजव तरी म्हण!" परंतुकराव ओरडले.

"पाठवले," यंत्र म्हणाले.

दोन वाजून आठ मिनिटे झाली होती. परंतुकरावांनी मनात हिशेब मांडला: त्यांच्या टिपणांना संचालिकाबाईंचे उत्तर सरासरी अकरा दिवसांनी येई. तळघरातल्या खोलीत दिवा कुठल्या बाजूला आहे, हे आठवण्याचा ते प्रयत्न करू लागले. इतक्यात यंत्रातून टुणकन आवाज आला.

"उत्तर आले आहे," यंत्र म्हणाले. "वाचून दाखवू?"

"वाच!" तिघेही म्हणाले.

"'परवानगी आहे. ताबडतोब काढा. बाकीचं सभेनंतर बोलू.'"

बाकीचं, हा शब्द परंतुकरावांच्या छातीत सुईसारखा शिरला. पण सुई काढायला वेळ नव्हता. त्यांनी तांबडे परिपत्रक सांगायला घेतले तेव्हा सासूबाई शेजारी उभ्या होत्या, आणि त्यांच्या नजरेपुढे दुसरे वाक्य सुचणेच शक्य नव्हते. "एकेचाळीसच्या चौथ्या कलमानुसार बाहेर काढलेली पुस्तके तत्काळ आत घ्यावीत आणि कोणत्याही गाडीच्या स्वाधीन करू नयेत." पुढे एक अपवाद त्यांच्या ओठांपर्यंत आला, तिथे घुटमळला आणि परत गेला. दोन वाजून सोळा मिनिटांनी एकोणीस शाखांत घंटा वाजली.

मग उरले ते वाट पाहणे. तीन वाजता दाराशी कागदवाल्याची गाडी येऊन उभी राहिली. परंतुकराव जागचे हलले नाहीत. पत्नी बाहेर गेली, आणि तिचा आवाज आला, "आज नाही हो. पुढं कधीतरी बघू." ती आत आली, मशीनवर बसली आणि तिने तीच एक शिवण उसवून पुन्हा घातली. चार वाजले. साडेचार वाजले. सव्वापाचला फोन वाजला तेव्हा परंतुकरावांनी तो चौथ्या घंटेपर्यंत नुसता पाहिला.

"मॅडम, किती पुस्तकं गेली?"

"एकही नाही," संचालिकाबाई म्हणाल्या.

परंतुकराव मटकन खाली बसले. सुदैवाने खुर्ची धड होती.

"तांबडं परिपत्रक वेळेवर पोचलं तर!"

"तसं नाही म्हणता येणार. सव्वादोनपर्यंत एकाही शाखेत एक कागदसुद्धा हलला नव्हता. मी सगळीकडे विचारलं."

"पण मी ऐकलं! पाचव्या शाखेत उचला, उचला म्हणत होते..."

"वेळेचा फलक. कलम एक. सगळे दुपारभर फलकच हलवत होते." संचालिकाबाई खाकरल्या. "हे पाहा, वाईट वाटून घेऊ नका. एकोणीसही शाखाप्रमुखांना मी खोदून खोदून विचारलं. तुमची परिपत्रकं तिसऱ्या कलमापुढं कोणी वाचत नाही. कधीच नाही वाचली. तुमच्या बाई सोडून."

बावीस वर्षे. परंतुकरावांच्या डोळ्यांपुढून चौथी कलमे गेली, पाचवी गेली, रेशमाच्या लडीसारखी उलगडत जाणारी नववी आणि अकरावी कलमे गेली. ती सगळी कुठल्या तरी मागील खोलीत, कोणी न चाळता, पडून राहिली होती.

"म्हणजे तांबडं परिपत्रक काढायची गरजच नव्हती," ते कसेबसे म्हणाले.

"नव्हती. पण तेवढं मात्र सगळ्यांनी वाचलं. एकच वाक्य होतं ना. वाचलं, आणि मग चौथं कलम काय आहे ते पहिल्यांदा उघडून बघितलं. बाहेर काढलेली पुस्तकं आत घ्या, असा हुकूम. बाहेर तर काही काढलेलंच नाही. आता नियम मोडायचा नाही. मग अकरा शाखांनी सगळी पुस्तकं आधी बाहेर काढली आणि मग आत घेतली. गाडीवाला दारात उभा राहून बघत होता; त्याला हात लावू दिला नाही."

"आणि बाकीच्या आठ?"

"त्यांनी पुस्तकं होती तिथून आणखी आत नेली. चौदाव्या शाखेत आता ती प्रमुखांच्या टेबलाखाली आहेत."

परंतुकरावांनी डोळे मिटले. जो प्रश्न विचारायचा होता तो त्यांच्याने विचारवेना. तो संचालिकाबाईंनीच सोडवला.

"समितीत तुमचं ते दोन वाजून आठ मिनिटांचं पत्र वाचून दाखवलं. दाखवावंच लागलं. वाचून झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, हा नवा माणूस कोण घेतलाय? मसुदा कक्षात ह्यालाच ठेवा."

"नवा माणूस?"

"मी म्हटलं, तो जुनाच आहे. त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही, पण ठराव झाला. कक्ष राहणार. तुम्ही राहणार, बाई राहणार. एक अट आहे: ह्यापुढं प्रत्येक परिपत्रक त्या पत्रासारखंच हवं. तीन वाक्यं. चौथं दिसलं की साठा विभाग. सहाच्या आत लेखी संमती पाठवा. आणि हो... ते पत्र तुम्हीच लिहिलंत ना?"

परंतुकरावांनी मान वळवली. दारात मायलेकी उभ्या होत्या. पत्नीने मान जोरजोराने हलवून 'हो म्हणा' असे सुचवले. सासूबाईंनी काहीच सुचवले नाही. त्या नुसत्या पाहत होत्या.

"नाही, मॅडम," परंतुकराव म्हणाले. "सासूबाईंनी लिहिलं. सौभाग्यवतींनी पाठवलं. मी विरोध केला."

मग संचालिकाबाई म्हणाल्या, "झाली की तीन वाक्यं. जमतंय तुम्हाला," आणि त्यांनी फोन ठेवला.

परंतुकराव संगणकासमोर जाऊन बसले. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिले आणि ह्या वेळी त्या आत न येता स्वयंपाकघराकडे गेल्या. सहाला वीस मिनिटे होती. संमतिपत्राचा एक मसुदा परंतुकरावांच्या मनात आपोआप आकार घेत होता. त्याला प्रस्तावना होती, आक्षेप होते, आक्षेपांचे खंडन होते. त्यांनी तो तिथेच मोडला.

"लिहून घे," ते म्हणाले. "मान्य."

"लिहिले."

"पाठव."

"पाठवले," यंत्र म्हणाले, आणि क्षणभर थांबून त्याने अदबीने विचारले, "मजकूर फारच लहान होता. आपले म्हणणे विस्ताराने लिहून घेऊ का?"

ह्या घरात, त्या कचेरीत, किंबहुना त्यांच्या साऱ्या हयातीत, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. ते उठले, स्वयंपाकघराचा कानोसा घेतला, दार हलकेच लोटले आणि परत येऊन खुर्चीत नीट सावरून बसले.

"हो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पण पाठवू नकोस."